साथीची खबर

सन १८५१ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस पॅरिस येथे युरोपातील बारा राज्यांचे प्रतिनिधी एकत्र जमले, ते कोणत्याही सरहद्दीचा तंटा मिटवण्यासाठी किंवा सिंहासनाच्या वारसाचा निवाडा करण्यासाठी जमले नव्हते; परमुलखातून आलेल्या जहाजास, त्यावरील उतारूंस आणि मालास बंदरात किती दिवस अडकवून ठेवावे, एवढ्याच प्रश्नाचा निकाल त्यांना लावावयाचा होता. प्रश्न दिसावयास किरकोळ, पण भूमध्य समुद्राच्या काठावरील एकूण एक व्यापारी त्याने जेरीस आला होता. प्रत्येक बंदराचा क्वारंटाइनचा कायदा निराळा, मुदत निराळी, धुरी देण्याची रीत निराळी आणि दस्तुरीही निराळी. एका बंदरात निर्दोष ठरलेले जहाज पुढच्या बंदरात संशयित ठरे, आणि मालाच्या किमतीपेक्षा त्याच्या खोळंब्याचा खर्च अधिक होई. फ्रान्सच्या आरोग्यमंडळाचे चिटणीस सेगूर-द्यूपेरॉन यांनी १८३४ सालीच या गोंधळाचा अहवाल आपल्या सरकारास सादर करून सर्व राज्यांनी मिळून एकच नियमावली करावी असे सुचवले होते. परंतु सूचना आणि परिषद यांच्या दरम्यान सतरा वर्षे गेली. पुढील शतकाच्या मानाने ही दिरंगाई पुष्कळच बरी म्हणावयाची.

प्रत्येक राज्याने एक वैद्य आणि एक मुत्सद्दी असे दोन प्रतिनिधी पाठवले होते, आणि ज्याने कोणी ही योजना केली त्याला मनुष्यस्वभावाची पारख नसावी. कारण मत देण्याचा अधिकार राज्याला नसून प्रत्येक प्रतिनिधीला स्वतंत्रपणे होता, त्यामुळे एकाच राज्याचा वैद्य एका बाजूस आणि मुत्सद्दी दुसऱ्या बाजूस हात वर करीत आहे, असा देखावाही या सभेत दिसला. पटकी, म्हणजे कॉलरा, माणसाकडून माणसाकडे जाते की दूषित हवेतून उद्भवते, या मूळ मुद्द्यावरच वैद्यांचे एकमत नव्हते. इंग्लंडतर्फे आलेले डॉक्टर जॉन सदरलँड हे घाण, कोंदट वस्ती आणि कुजट हवा यांनाच रोगाचे कारण मानणाऱ्या पंथाचे. त्यांच्या दृष्टीने क्वारंटाइन म्हणजे निव्वळ व्यापाराचा छळ होता. इंग्रजांच्या शास्त्राने आणि इंग्रजांच्या जहाजवाल्यांनी या बाबतीत इतके सख्य राखले होते, की शास्त्र कोठे संपते आणि जकातीचा हिशेब कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण व्हावे. सहा महिने वाद चालला, १३७ कलमांची नियमावली तयार झाली, आणि तिला रीतसर मंजुरी दिली ती फक्त फ्रान्स, पोर्तुगाल आणि सार्डिनिया या तिघांनी. त्यांतूनही पुढे दोघांनी अंग काढून घेतले. १८५९ साली पुन्हा पॅरिसमध्येच परिषद भरली, तेव्हा वैद्यांना मुळी बोलावलेच नाही. तरीही निष्पन्न काही झाले नाही, यावरून सगळा दोष वैद्यांचाच नव्हता एवढे तरी सिद्ध झाले.

ज्या रोगाने हे सर्व घडवून आणले, त्याचा आपल्या इतिहासाशी आलेला संबंध ध्यानात घेण्यासारखा आहे. १८१७ साली बंगालमध्ये जेसोर येथे उसळलेली पटकी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर चालून गेलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. म्हणजे ज्या महिन्यात खडकीच्या मैदानावर पेशवाईचा निकाल लागत होता, त्याच महिन्यात विजेत्यांचे एक सैन्य तोफेच्या आवाजावाचून आडवे होत होते. तेथून लष्कराच्या कूचाबरोबर आणि व्यापारी गलबतांबरोबर रोग पसरत गेला. १८३० मध्ये तो रशियात, १८३१ मध्ये इंग्लंडात आणि १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पोहोचला, आणि युरोपातील सुशिक्षित समाजास तोपर्यंत दूरच्या आशियाची बाब वाटणारी गोष्ट स्वतःच्या दारातील झाली.

तरीदेखील धोक्याचे गांभीर्य खऱ्या अर्थाने पटले ते १८६५ साली. त्या वर्षीच्या हजच्या वेळी मक्केस पटकी उद्भवली आणि जमलेल्या सुमारे ९०,००० यात्रेकरूंपैकी पंधरा हजारांपासून तीस हजारांपर्यंत माणसे दगावली, असे तत्कालीन अंदाज आहेत. शिडाच्या गलबतांच्या काळात असा रोग वाटेतच जळून जावयाचा. परंतु आता आगबोटी होत्या, सुएझपासून अलेक्झांड्रियापर्यंत लोहमार्ग होता, आणि जिद्द्याहून निघालेला यात्रेकरू थोडक्या दिवसांत भूमध्य समुद्राच्या काठी उभा राही. मे महिन्यात यात्रेकरूंची जहाजे सुएझला लागली. जूनमध्ये अलेक्झांड्रिया ग्रासले. पुढे मार्सेल, इटलीची बंदरे, कॉन्स्टँटिनोपल, आणि अखेर समुद्रापलीकडचे न्यूयॉर्क. फ्रान्सने तातडीने परिषदेची हाक दिली आणि १८६६ च्या फेब्रुवारीत ती कॉन्स्टँटिनोपलला भरली. सात महिने चाललेल्या या परिषदेने पटकीचे मूळ ठाणे हिंदुस्थानात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आहे, आणि माणसाच्या हालचालीबरोबरच ती प्रवास करते, असा निर्णय दिला. निर्णय पुष्कळ अंशी खरा होता. परंतु त्याबरोबरच हिंदुस्थानचा यात्रेकरू, मग तो हरिद्वारचा असो की हजचा, हा युरोपच्या दप्तरात कायमचा संशयित म्हणून नोंदला गेला.

आणि येथूनच इंग्रजांची खरी पंचाईत सुरू झाली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, त्यातून जाणाऱ्या जहाजांपैकी बहुसंख्य इंग्रजांची, आणि त्यांतील पुष्कळशी मुंबई आणि कलकत्त्याहून येणारी. हिंदुस्थानातून पटकी निघते हे मान्य करावे तर प्रत्येक जहाज सुएझला अडवण्याचा हक्क इतरांना द्यावा लागतो. तेव्हा हिंदुस्थान सरकारचे आरोग्य कमिशनर कनिंगहॅम यांनी रोग संसर्गजन्य नाहीच असा पक्ष वर्षानुवर्षे लावून धरला. १८७४ साली व्हिएन्नाच्या परिषदेत साथींसंबंधी एक कायम स्वरूपाचे आंतरराष्ट्रीय मंडळ असावे अशी सूचना तत्त्वतः संमत झाली आणि ‘तत्त्वतः’ संमत झालेल्या गोष्टींच्या वाट्यास जे येते तेच तिच्या वाट्यास आले. १८८१ सालच्या वॉशिंग्टनच्या परिषदेत क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी पीतज्वराचा प्रसार होण्यास माणसाहून निराळा असा कोणी मध्यस्थ असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मनात डास होता. समोर बहुतेक वकिलातींमधील मुत्सद्दी बसले होते. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले आणि पुढचा विषय घेतला. वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० साली फिनले यांचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध करीपर्यंत त्या भाषणाचे महत्त्व कोणास कळले नाही.

१८८३ साली इजिप्तमध्ये पटकीने पन्नास हजारांवर बळी घेतले आणि जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आधी अलेक्झांड्रियात व नंतर कलकत्त्यात जाऊन रोगाचा जंतू शोधून परतले. आता तरी वाद संपावयास हवा होता. परंतु १८८५ साली रोममध्ये भरलेल्या परिषदेत खुद्द कॉख उपस्थित असूनही इंग्रजांनी त्यांचे मत खोडून काढण्यासाठी आपल्या तज्ज्ञांचा अहवाल सिद्ध ठेवला होता, आणि परिषद करारावाचून विसर्जित झाली. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी हाच जंतू १८५४ सालीच पाहिला होता आणि त्याचा निबंधही प्रसिद्ध केला होता, ही गोष्ट त्या सभागृहातील फारच थोड्यांना ठाऊक असावी. ज्ञानाच्या अभावामुळे राष्ट्रे एकत्र येत नाहीत हा सोयीचा समज आहे. ज्ञान हाती आल्यावरही सात वर्षे ती एकत्र आली नाहीत.

पहिला खरा करार झाला तो १८९२ साली व्हेनिसमध्ये, आणि तोही सुएझच्या कालव्यापुरता. पुढच्या वर्षी ड्रेस्डेन येथे झालेला करार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात प्रथमच असे ठरले, की आपल्या मुलखात पटकी उद्भवली असता त्या सरकारने इतर सरकारांना तिची खबर दिली पाहिजे. तोपर्यंतच्या सगळ्या परिषदा दुसऱ्याचे जहाज किती अडवावे याचा काथ्याकूट करीत होत्या. आपल्या घरचे दुखणे शेजाऱ्यास आपण होऊन सांगावे, हे बंधन नवे होते. आणि या बंधनात एक अवघड गाठ पहिल्यापासूनच होती: जो प्रामाणिकपणे खबर देतो त्याच्याच मालावर आणि माणसांवर आधी बंदी येते. जे लपवतात त्यांना मात्र काही आठवड्यांचा नफा होतो.

ही गाठ किती अवघड आहे याचा प्रत्यय तीनच वर्षांत मुंबईने दिला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या गजबजाटात, तापाने आणि जांघेतील गाठींनी माणसे मरू लागली. मूळच्या गोव्याच्या डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग असल्याचे निदान केले आणि ते उघडपणे सांगितले. नगरपालिकेच्या आणि सरकारच्या कागदोपत्री मात्र काही काळ तो एक संशयास्पद प्रकारचा ताप होता. अधिकाऱ्यांच्या या शब्दसंकोचास कारण होते. प्लेग हा शब्द उच्चारताच मुंबई बंदराचा कारभार ठप्प होणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि झालेही तसेच: बातमी पक्की होताच युरोपातील बंदरांनी मुंबईचे कातडे, लोकर, चिंध्या यांवर बंदी घातली, जहाजांवर कडक निर्बंध बसवले, आणि इकडे सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरातून लाखो माणसे आगगाडीने, बोटीने आणि पायी गावाकडे निघून गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका अपुऱ्या प्रयोगशाळेत व्हाल्डेमार हाफकिन लस तयार करीत होते आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु युरोपास लशीची नव्हे, हमीची घाई होती.

ऑस्ट्रियाच्या आग्रहावरून १६ फेब्रुवारी १८९७ रोजी व्हेनिसला दहावी परिषद भरली, ती केवळ प्लेगसाठी आणि वस्तुतः केवळ मुंबईसाठी. तिच्या आधी बारा दिवस, ४ फेब्रुवारी रोजी, हिंदुस्थान सरकारने साथरोगांचा कायदा मंजूर करून घेतला होता. घरांत शिरण्याचे, माणसे अलग करण्याचे, आगगाडीतील उतारू तपासण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार त्याने अंमलदारांना दिले. मुंबईहून हजला जाणारी जहाजेही त्या वर्षी रोखण्यात आली. इंग्लंडचे प्रतिनिधी रिचर्ड थॉर्न थॉर्न यांना परिषदेत सांगता आले, की आम्ही घरीच इतका कडक बंदोबस्त केला आहे की आमच्या बंदरांवर निराळी बंदी घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. करार झाला, प्लेगची पहिली खबर तारेने कळवण्याचे बंधन आले.

या कराराची किंमत ज्यांनी मोजली त्यांना व्हेनिसचे नावही ठाऊक नव्हते. पुण्यात त्याच फेब्रुवारीत वॉल्टर रँड यांची प्लेगच्या कामावर नेमणूक झाली, गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या वाड्यावाड्यांतून, देवघरांतून आणि माजघरांतून फिरल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढे लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला आला. हे सर्व आपण आजवर स्वराज्याच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून वाचत आलो, आणि ते तसे आहेही. तथापि सोजिरांच्या हातांत अधिकार देण्याची जी विलक्षण घाई सरकारास झाली होती, तिचे एक मूळ मार्सेल आणि ट्रिएस्टच्या जकातनाक्यांवर होते, हे विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला; त्यांना ना कायद्याने काही अधिकार दिला होता, ना कोणत्या कराराने काही जबाबदारी. आणि विपर्यास असा, की व्हेनिसला जमलेल्या कोणासही रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसूचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत शोधला तो पुढल्या वर्षी, १८९८ मध्ये. घरे धुऊन काढली, कौले उतरवली, माणसे छावणीत नेली, आणि उंदीर मात्र निर्वेधपणे शेजारच्या घरी गेले.

१९०३ साली पॅरिसला जुने सर्व करार एकत्र करून १८४ कलमांचा एकच करारनामा झाला आणि त्यात जहाजावरील उंदरांची विल्हेवाट लावण्याची तजवीज आली. त्याच कराराच्या पोटातून, १९०७ च्या डिसेंबरात रोम येथे बारा राज्यांनी सही केलेला दस्तऐवज निघाला आणि १९०९ साली पॅरिसमध्ये सार्वजनिक आरोग्याचे आंतरराष्ट्रीय कार्यालय उघडले. व्हिएन्नाच्या ‘तत्त्वतः’ संमतीपासून येथवर ३५ वर्षे लागली. या संस्थेविषयी फार बोलण्याचे कारण नाही. मूठभर कारकून, फ्रेंच भाषेतील एक मासिक पत्रिका, आणि कोणत्याही राज्याच्या कारभारात तिने हस्तक्षेप करू नये अशी तिच्या सनदेतच घातलेली अट! आलेली खबर नोंदवावी आणि पुन्हा कळवावी, इतकेच तिचे काम. आणि पत्रिका महिन्याने निघत असल्यामुळे खबर पोहोचेपर्यंत साथ बहुधा पुढच्या गावी गेलेली असे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ही व्यवस्था किती तोकडी होती हे दाखवून दिले. तो जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून हिंदुस्थानात शिरला आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. परंतु करारांतील रोगांच्या यादीत त्याचे नावच नसल्यामुळे त्याची खबर देण्यास कोणी बांधलेला नव्हता. हिंदुस्थान सरकारचे त्या वेळचे आरोग्य कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी या साथीचा अहवाल लिहिला, आणि हेच गृहस्थ पुढे जिनीव्हाच्या राष्ट्रसंघाने रशिया व पोलंडमधील टायफसच्या भयंकर साथीसाठी नेमलेल्या मंडळाचे प्रमुख झाले. राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाचा आत्मा मात्र लुडविक रायखमन हा पोलिश जंतुशास्त्रज्ञ होता. चपळ, हट्टी आणि मुत्सद्द्यांच्या संथपणाचा तिटकारा असलेला. साथ ज्या देशात आहे त्या देशात जाऊन, तेथील वैद्यांबरोबर बसून ती निपटली पाहिजे, केवळ सरहद्दीवर पहारा ठेवून भागणार नाही, असा त्याचा आग्रह होता.

व्हाइट यांनी पूर्वेकडील बंदरांची पाहणी करून १९२३ साली अहवाल दिला आणि त्यातून १९२५ साली सिंगापूरला राष्ट्रसंघाचे पूर्व कार्यालय स्थापन झाले. पैसा बराचसा अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानचा. या कार्यालयाचे कार्य मला सगळ्या शतकातील सर्वांत रम्य प्रकरण वाटते, कारण त्यात भाषणे जवळजवळ नाहीत. मुंबई, कराची, कलकत्ता, रंगून, शांघाय अशा शंभराहून अधिक बंदरांतून दर आठवड्यास सांकेतिक तार यावयाची: पटकीचे इतके, प्लेगचे इतके, देवीचे इतके, सिंगापूरला त्यांची जुळणी होऊन सायगाव आणि जावा येथील बिनतारी केंद्रांवरून तो गोषवारा प्रसारित व्हावयाचा, आणि भर समुद्रातील कप्तानासदेखील पुढच्या बंदरात काय वाढून ठेवले आहे ते आधीच कळावयाचे. खबर सर्वांची सर्वांना एकाच वेळी मिळू लागल्यामुळे ती देणाऱ्यास एकट्याने नुकसान सोसावे लागण्याचे भय थोडे उणावले; आणि अफवेवरून अख्खे बंदर बंद करण्यापेक्षा आकड्यांवरून एखादे जहाज तपासणे स्वस्त पडते, हे व्यापाऱ्यांनाही उमगले. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि हे सारे थांबले.

दरम्यान अमेरिका राष्ट्रसंघाची सभासद नसल्यामुळे तिने पॅरिसचे कार्यालय जिनीव्हात विलीन होऊ दिले नाही, आणि जगाच्या आरोग्याची दोन दप्तरे एकमेकांकडे पाठ करून वीस वर्षे चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली सान फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली जात असता प्रारंभीच्या मसुद्यात आरोग्याचा उल्लेखच नव्हता. चीनचे डॉक्टर स्झे सझमिंग, ब्राझीलचे डॉक्टर जेराल्डो दि पाउला सौझा आणि नॉर्वेचे डॉक्टर कार्ल इव्हांग हे तिघे एके दिवशी दुपारच्या जेवणास एकत्र बसले असता या विषयास तोंड फुटले, आणि चीन व ब्राझील यांनी मिळून एक स्वतंत्र आरोग्य संघटना स्थापण्यासाठी परिषद भरवावी असा ठराव पुढे आणला. १९४६ च्या २२ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये ६१ राष्ट्रांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या केल्या.

घटना अमलात येण्यास संयुक्त राष्ट्रांच्या २६ सभासदांची मंजुरी हवी होती, आणि ती मिळेपर्यंत कारभार पाहणाऱ्या हंगामी मंडळापुढे १९४७ च्या सप्टेंबरात इजिप्तची पटकी येऊन उभी राहिली. त्या साथीत वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. परंतु हंगामी मंडळाने देशोदेशींहून लस मिळवून ती विमानांनी पोहोचवली, आणि ज्या सुएझच्या मार्गावरून हा सगळा झगडा सुरू झाला होता त्याच देशात नव्या संस्थेने जन्माआधीच आपली उपयुक्तता पटवून दिली. ७ एप्रिल १९४८ रोजी आवश्यक मंजुऱ्या पुऱ्या झाल्या आणि जूनमध्ये जिनीव्हाला पहिली सभा भरली. कॅनडाचे ब्रॉक चिझम हे पहिले महासंचालक. दिल्लीचे प्रादेशिक कार्यालय १९४९ मध्ये सर्वांच्या आधी उघडले, आणि १९५० च्या सभेच्या अध्यक्षपदी राजकुमारी अमृत कौर बसल्या.

या घटनेतील २१ व २२ ही दोन कलमे ज्याने रचली त्याने १८५१-५२ च्या परिषदेचे अपयश नीट अभ्यासले असले पाहिजे. सभेने एकदा नियम संमत केले, की ठरलेल्या मुदतीत जे राष्ट्र हरकत कळवणार नाही, त्याला ते आपोआप लागू व्हावयाचे. मंजुरीसाठी प्रत्येक राजधानीचे उंबरठे झिजवणे संपले, आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे सूत्र आंतरराष्ट्रीय कायद्यात आले. या मार्गाने २५ मे १९५१ रोजी, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या परिषदेस शंभर वर्षे भरत असताना, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली संमत झाली. सहा रोग तिच्या कक्षेत आले: पटकी, प्लेग, पीतज्वर, देवी, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर. खबर देणे हे पहिले कर्तव्य ठरले. आणि नियमांत सांगितलेल्या निर्बंधांहून अधिक निर्बंध कोणी घालू नयेत, हे दुसरे, म्हणजेच खबर देणाऱ्याचे संरक्षण.

हरकत घेणाऱ्यांत स्वतंत्र भारताचे सरकार होते. पीतज्वर हा आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील रोग आपल्याकडे कधीच आला नव्हता, पण तो नेणारा डास मुंबई-कलकत्त्यात घरोघरी होता, आणि विमानाने एखादा रोगी काही तासांत येऊन उतरण्यासारखा होता. म्हणून नियमावलीत दिलेल्या सवलती आम्हास पुरेशा वाटत नाहीत, लशीचा दाखला नसलेल्या प्रवाशास अलग ठेवण्याचा अधिक कडक हक्क आम्हास हवा, असे आपल्या सरकारने कळवले, आणि १ ऑक्टोबर १९५२ रोजी नियम अमलात आले ते ही हरकत जमेस धरूनच. आपल्या जहाजांना कोणी अडवू नये म्हणून शंभर वर्षे ज्या देशाच्या नावाने इंग्रज वकील भांडले, त्याच देशाचे स्वतःचे वकील आता दुसऱ्यांचे प्रवासी अडवण्याची सनद मागत होते. आणि त्यांचे म्हणणे, वैद्यकाच्या दृष्टीने पाहता, अगदीच निराधार नव्हते.